मुळशीचें पाणी आणि थंड दिवा

दिवा लावणें ही आतां इतकी सोपी गोष्ट झाली आहे कीं, त्याची किंमत सहसा कोणी मोजीत नाहीं. भिंतीवरचें बटन दाबलें कीं उजेड पडतो. महिन्याच्या अखेरीस बिल येतें, तें भरलें जातें, आणि हिशेब पुरा झाला असें घरोघरीं समजतात. परंतु पुणें जिल्ह्यांतील मुळशीच्या खोऱ्यांत उभें राहून पाहिलें, तर हा हिशेब तितक्या लवकर पुरा होत नाहीं. तेथें विजेच्या प्रत्येक युनिटामागें पाणी आहे, पाण्याखालीं जमीन आहे, आणि त्या जमिनीवर एके काळीं नांदतीं गांवें होतीं. थोड्या विजेंत अधिक उजेड कसा मिळवावा, ह्या प्रश्नाला तेथें निराळेंच वजन येतें. ह्या प्रश्नाचा माग काढीत रसायनशास्त्रज्ञ अखेर एका अनपेक्षित ठिकाणीं पोहोंचले. तें ठिकाण म्हणजे कापड रंगविणाऱ्या रंगांचे सेंद्रिय रेणू. हे रेणू विजेनें कसे प्रकाशूं लागले, आणि हवा तसा प्रकाश मिळावा म्हणून त्यांची घडण कशी बदलण्यांत आली, हा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

मुळा आणि निळा ह्या नद्यांच्या संगमापाशीं धरण घालून पाणी अडवावें, तें सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें पश्चिमेस न्यावें आणि कोंकणांत भिरा येथें सुमारें ५०० मीटर खालीं सोडून त्यावर वीज उत्पन्न करावी, अशी टाटांची योजना होती. एरवीं हेंच पाणी पूर्वेस वाहत जाऊन भीमेला मिळालें असतें. तळ्यांच्या पाण्यावर चालणारें खोपोलीचें केंद्र १९१५ सालीं व भिवपुरीचें केंद्र १९२२ सालीं सुरू झालें. मुळशीसाठीं टाटा पॉवर कंपनी १९१९ सालीं स्थापन झाली, आणि भिऱ्याची वीज १९२७ सालीं मुंबईकडे वाहूं लागली. मुंबईच्या गिरण्यांना कोळसा फार लांबून आणावा लागे. घाटावरचा पाऊस मात्र दरवर्षीं फुकट वाहून जातो, असें योजनेच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें होतें.

मावळांतील शेतकऱ्यांना हा पाऊस फुकट वाहून जातो असें कधीं वाटलें नव्हतें. पन्नासाहून अधिक गांवांची भातखाचरें त्या पावसावरच पिकत होतीं. सरकारनें भूमिसंपादनाचा कायदा कंपनीच्या बाजूनें लावला, तेव्हां १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मुळशीच्या सत्याग्रहास आरंभ झाला. 'जान किंवा जमीन' हें त्याचें घोषवाक्य. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापति' हें नांव ह्याच लढ्यानें दिलें. विनायकराव भुस्कुटे यांनींही तो नेटानें चालविला. पुरुषांबरोबर मावळांतील स्त्रियाही तुरुंगांत गेल्या. अखेरीस, १९२४ सालीं, बापटांनीं धरणाच्या कामावरची आगगाडी अडविली आणि त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगली. सत्याग्रह मोडला, धरण पुरें झालें, तळें भरलें. ज्यांची जमीन पाण्याखालीं गेली त्यांच्या झोंपड्यांत ती वीज गेली नाहीं. ती तारांवरून घाट उतरून मुंबईच्या गिरण्यांत व दिव्यांत गेली.

आतां त्या दिव्यांत त्या विजेचें काय होत होतें तें पाहूं गेल्यास मन खिन्न होतें. एडिसननें १८७९ सालीं कर्बाच्या तारेचा दिवा यशस्वी केला, आणि पुढें कर्बाच्या जागीं टंगस्टनची तार आली. तरी तत्त्व तेंच राहिलें. तार तापवावयाची, ती पांढरी होईपर्यंत तापवावयाची, आणि त्या तापलेल्या तारेच्या तेजांत वाचावयाचें. अशा दिव्यांत शंभर भाग वीज घातली तर सुमारें पांच भागच डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपानें बाहेर पडतात. बाकीचे पंचाण्णव भाग उष्णता होऊन जातात. म्हणजे मुळशीच्या तळ्यांतून दिव्यासाठीं सोडलेल्या वीस घागरींपैकीं एकीचाच उजेड होई, आणि एकोणीस घागरी कांचेचा गोळा तापविण्यांत खर्चीं पडत.

तापल्यावांचून प्रकाश देतां येतो, हें मुळशीच्या रानाला मात्र पूर्वींपासून माहीत होतें. मृगाचा पाऊस येण्याच्या सुमारास ताम्हिणीच्या झाडींत काजवे चमकूं लागतात. काजवा हातावर घेतला तर चटका बसत नाहीं. अमेरिकन शास्त्रज्ञ लँग्ली व त्याचा सहकारी व्हेरी यांनीं १८९० सालीं प्रकाश देणाऱ्या एका कीटकाच्या तेजाचें मोजमाप केलें, आणि हा सर्वांत स्वस्त प्रकाश होय असा निर्वाळा दिला. त्याच्या थोडें आधीं फ्रान्समध्यें द्युबुआ यानें, अशा तेजामागें एक विशिष्ट सेंद्रिय द्रव्य असून तें प्राणवायूशीं संयोग पावतांना प्रकाशतें, असें दाखविलें होतें. त्या द्रव्याला त्यानें ल्युसिफेरिन हें नांव दिलें. ल्युसिफेरिनचे शंभर रेणू जळले तर ८८ प्रकाशकण मिळतात, असें १९६० च्या सुमारास मानलें गेलें. जपानी शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं अधिक काटेकोर मोजणी केली, तेव्हां तो आंकडा ४१ वर आला. तरीसुद्धां ह्या क्षुद्र किड्याचें तेज पाहून एक गोष्ट निश्चित होते. कर्ब, नत्र, गंधक ह्यांच्या योग्य जुळणींतून थंड प्रकाश निघूं शकतो. मात्र त्या जुळणीला अन्नरसाऐवजीं वीज पाजतां आली पाहिजे.

अशा जुळणीचें ज्ञान प्रथम वाढलें तें रंगांच्या धंद्यांत. इंग्लंडांत पर्किननें १८५६ सालीं डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग केला, आणि पुढें जर्मनीनें ह्या विद्येंत सर्वांवर मात केली. मुंबईच्या गिरण्या टाटांच्या विजेवर कापड विणीत, पण तें रंगविण्यासाठीं लागणारे रंग परदेशांतून आणीत. ही उणीव भरून काढण्याच्या दृष्टीनें मुंबई विद्यापीठाचा रसायनतंत्र विभाग १९३३ सालीं निघाला, हें फार महत्त्वाचें पाऊल होय. प्रा. के. वेंकटरामन हे १९३८ सालीं त्याचे पहिले भारतीय संचालक झाले; कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊं लागला व तो जगभर प्रमाण मानला गेला. पुढें १९५७ सालीं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. रंगाचा रेणू प्रकाश गिळतो. प्रकाश देणाऱ्या रेणूचें काम ह्याच्या उलट. परंतु कोणता गट जोडला असतां रंग तांबड्याकडे झुकतो व कोणता जोडला असतां निळ्याकडे, हें ज्ञान दोन्हीकडे एकच लागतें.

रंगाचा रेणू विजेच्या योगानें प्रकाशतो, हें फ्रान्समधील नान्सी येथें बर्नानोझ व त्याचे सहकारी यांनीं १९५३ च्या सुमारास दाखविलें. ॲक्रिडिन ऑरेंज नांवाचा रंग पातळ पापुद्र्यावर घेऊन त्यांनीं त्यावर उच्च दाबाची उलटसुलट वाहणारी वीज लावली. न्यूयॉर्क येथें मार्टिन पोप यानें १९६३ सालीं अँथ्रासीनच्या स्फटिकांतून एकदिश विजेनें प्रकाश काढला, आणि १९६५ सालीं कॅनडांत हेल्फ्रिख व श्नायडर यांनीं त्यामागची क्रिया स्पष्ट केली. स्फटिकाच्या एका बाजूनें इलेक्ट्रॉन आंत शिरतात. दुसऱ्या बाजूनें इलेक्ट्रॉन बाहेर काढले जातात आणि त्यांच्या मागें रिकाम्या जागा, म्हणजे विवरें, पडतात. इलेक्ट्रॉन आणि विवर यांची एका रेणूवर गांठ पडली कीं तो रेणू उत्तेजित होतो, आणि शांत होतांना प्रकाश देतो. विचार उत्तम होता; पण ह्या स्फटिकांना शेंकडों व्होल्टांचा दाब लागे. इतक्या दाबाचा दिवा घरांत लावणार कोण? वीस वर्षें ही गोष्ट प्रयोगशाळेंतील नवल म्हणूनच पडून राहिली.

तिला जीवदान मिळालें १९८७ सालीं. अमेरिकेंतील कोडॅक कंपनींत हाँगकाँगचे चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक हे दोघे काम करीत होते. जाड स्फटिकाऐवजीं त्यांनीं दोन अतिशय पातळ थर एकावर एक दिले. एक थर विवरें सहज वाहून नेणाऱ्या द्रव्याचा. दुसरा अ‍ॅल्युमिनियमच्या एका सेंद्रिय संयुगाचा, इलेक्ट्रॉन नेणारा व हिरवा प्रकाश देणारा. दोहोंची मिळून जाडी माणसाच्या केंसाच्या शेंकडों पटींनीं कमी. थर इतके पातळ झाल्यामुळें दहा व्होल्टांच्या आंतच दिवा लागला. त्याचें कौतुक सर्वत्र झालें, तरी हिशेब पाहतां शंभर इलेक्ट्रॉन आंत गेले तर एकच प्रकाशकण बाहेर येत होता. केंब्रिज येथें १९९० सालीं बरोज, ब्रॅडली, फ्रेंड व त्यांचे सहकारी यांनीं लांब सांखळीच्या प्लास्टिकसारख्या द्रव्यांतूनही असाच प्रकाश काढला. मार्ग मोकळा झाला. खर्चाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

हा खर्च कोठें होतो? त्याचें कारण निसर्गाच्या एका कठोर नियमांत आहे. इलेक्ट्रॉन आणि विवर एकत्र येतात तेव्हां त्यांच्या परिवलनांच्या जुळणीचे चार प्रकार संभवतात. त्यांपैकीं एका प्रकारांतूनच सामान्य सेंद्रिय रेणू प्रकाश देऊं शकतो. बाकीच्या तिहींतून नाहीं. श्रोत्यांनीं एका जुन्या वाड्याची कल्पना करावी. वाड्याच्या माडीवरून अंगणांत उतरावयाला जिना आहे. माडीच्या खालीं एक माळा आहे, त्याला जिना नाहीं. चार पाहुणे आले तर एक माडीवर जातो व चटकन् अंगणांत उतरतो. तिघे माळ्यावर अडकून पडतात आणि हळूहळू तेथेंच उष्णतेच्या रूपानें जिरून जातात. त्यांतून जो एक सुटतो, त्याचाही प्रकाश कांचेंत व थरांत कोंडतो, आणि सुमारें पंचमांशच बाहेर येतो. म्हणजे ह्या जातीच्या दिव्याला शंभरांत पांचांच्या फारसें पुढें जातां येत नव्हतें. टंगस्टनच्या तारेची कुचंबणा उष्णतेमुळें होती, तर ह्या रेणूची त्याच्या घडणींतच होती.

अडकलेल्या तिघांना सोडविण्याचा पहिला उपाय जड धातूंचा. अमेरिकेंत बाल्डो, थॉम्प्सन, फॉरेस्ट व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं प्लॅटिनमचा अणु मध्यभागीं बसविलेलें एक संयुग वापरलें. रक्ताच्या तांबड्या द्रव्यांत लोहाभोंवतीं जें कडें असतें, त्याच जातीचें हें कडें होतें. जड अणूच्या सान्निध्यांत परिवलनाचा नियम सैल पडतो, आणि माळ्यालाही जिना फुटतो. पुढल्याच वर्षीं इरिडियमच्या संयुगांतून हिरवा प्रकाश मिळाला, आणि थोड्याच काळांत जवळ जवळ प्रत्येक इलेक्ट्रॉनामागें रेणूंत एक प्रकाशकण उत्पन्न होऊं लागला. भ्रमणध्वनींच्या व दूरचित्रवाणीच्या पडद्यांवर तांबडा व हिरवा रंग आला तो बहुतेक ह्याच मार्गानें. परंतु इरिडियम हा पृथ्वीवरील अत्यंत दुर्मिळ धातूंपैकीं एक आहे. एका ठिकाणची नासाडी थांबविण्यासाठीं दुसऱ्या ठिकाणच्या खाणी उपसाव्या लागाव्या, ही गोष्ट विचारी माणसाला खटकल्यावांचून राहत नाहीं.

दुसरा उपाय जपानांतील क्यूशू विद्यापीठांत चिहाया अदाची व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं सिद्ध केला, आणि तेथेंच रेणूच्या रचनेची खरी कला दिसून येते. धातू मुळींच न वापरतां, माळा आणि माडी यांच्यामधील उंचीच इतकी कमी करावी कीं, खोलींतल्या नेहमींच्या उबेच्या जोरावर अडकलेला पाहुणा उडी मारून माडीवर चढेल आणि तेथून अंगणांत उतरेल, असा त्यांचा विचार होता. ही उंची ठरते ती उत्तेजित इलेक्ट्रॉन व त्याच्या मागें राहिलेलें विवर एकमेकांच्या किती जवळ वावरतात, ह्यावरून. म्हणून त्यांनीं रेणूच्या एका भागांत इलेक्ट्रॉन देणारे गट बसविले, दुसऱ्या भागांत घेणारे गट बसविले, आणि देणाऱ्या गटांना मुरड घालून बाजूला वळविलें. त्यायोगें दोघे दूर राहिले व उंची कमी झाली. परंतु दोघांना फारच दूर ठेवलें तर प्रकाश देण्याची शक्तीच क्षीण होते. औताला जुंपलेले बैल फार जवळ असले तर एकमेकांना ढुसण्या देतात, आणि फार दूर असले तर जूं ओढलें जात नाहीं. तसाच हा प्रकार. अदाचींच्या रेणूंत हें अंतर नेमकें साधलें. दिव्यांतून शंभर इलेक्ट्रॉनांमागें सुमारें १९ प्रकाशकण बाहेर आले, आणि त्यांत दुर्मिळ धातूचा कणही नव्हता.

अशा रेणूंचा एक दोष असा कीं, त्यांचा रंग पसरट असतो. हिरव्यांत थोडा निळा व थोडा पिवळा मिसळतो. त्यावर २०१६ सालीं जपानांतच हाताकेयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोड काढली. त्यांनीं मुरड टाकून दिली, सपाट कड्यांचा ताठ रेणू घेतला, आणि त्यांत बोरॉन व नत्र अशा जागीं बसविले कीं, इलेक्ट्रॉनाची व विवराची वस्ती एकाआड एक अणूंवर पडावी. दोघे एकाच घरांत राहूनही एकमेकांच्या वाटेंत येत नाहींत, आणि निळा रंग निर्भेळ मिळतो. ह्याच वर्षीं आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकन संशोधकांनीं सोळा लाख संभाव्य रेणूंचा पसारा गणकयंत्रापुढें मांडला, त्यांतील चार लाखांहून अधिक रेणूंचे गुण गणितानें काढले, आणि निवडलेले थोडे रेणू प्रत्यक्ष बनवून पाहिले. पूर्वीं रंगाचा कारागीर एकेक घाणा काढून पाही. आतां बहुतेक घाणे कागदावरच बाद होतात.

तथापि निळ्याचें कोडें अद्याप पुरतें सुटलेलें नाहीं. निळ्या प्रकाशकणाला शक्ति अधिक लागते. इतकी शक्ति अंगावर घेऊन रेणू फार वेळ थांबला, आणि तेवढ्यांत दुसऱ्या उत्तेजित रेणूशीं त्याची गांठ पडली, तर दोघांची एकत्र झालेली शक्ति रेणूचे बंधच तोडूं शकते. जो रेणू माळ्यावर वाट पाहतो, तोच अधिक लवकर मरतो. म्हणून प्रकाश किती निघतो ह्याइतकाच तो किती तास टिकतो हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि आजच्या संशोधनाचा मोठा भाग त्याच्याच मागें लागला आहे.

महाराष्ट्रांतही ह्या विषयाकडे लक्ष गेलें आहे. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाशीं संबंध असलेले एन. थेजो कल्याणी व एस. जे. ढोबळे यांनीं सेंद्रिय दिव्यांवर विस्तृत आढावा २०१२ सालीं प्रसिद्ध केला, आणि त्याचा मुख्य रोख ऊर्जेची बचत हाच होता. तांबडा प्रकाश देणाऱ्या युरोपियमच्या सेंद्रिय संयुगांवरही त्यांनीं काम केलें आहे. मात्र सेंद्रिय दिवा आज मुख्यतः पडद्यांत वसला आहे. खोली उजळण्याचें काम गॅलियम नायट्राइडच्या असेंद्रिय दिव्यांनीं जिंकलें, कारण ते स्वस्त पडले. भारत सरकारच्या 'उजाला' योजनेंत २०१५ पासून असे ३६ कोटींहून अधिक दिवे वांटण्यांत आले. सेंद्रिय दिव्याचें वैशिष्ट्य निराळें आहे. तो पातळ, लवचीक व डोळ्यांना मऊ असतो, आणि भिंतीएवढ्या पत्र्यावरून सारखा पसरतां येतो. त्याची किंमत उतरली तर घरांत त्याला जागा मिळेल.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. इंग्लंडचा अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यानें १८६५ सालींच लिहून ठेवलें कीं, कोळसा काटकसरीनें जाळणारें यंत्र निघालें म्हणजे कोळसा कमी लागत नाहीं, उलट अधिक लागतो. कारण स्वस्त झालेली वस्तु लोक अधिक वापरूं लागतात. प्रकाशाचेंही तसेंच होण्याचा संभव आहे. दिवा थोड्या विजेवर जळूं लागला म्हणून जेथें एक पुरे तेथें चार लावले, आणि दुकानांच्या पाट्या रात्रभर तेवत ठेवल्या, तर रसायनशास्त्रज्ञांनीं वाचविलेलें पाणी कोठेंच शिल्लक राहणार नाहीं.

मुळशीचा लढा १९२४ सालीं संपला, आणि बुडालेलीं खाचरें कोणताही रेणू परत वर आणूं शकत नाहीं. तें देणें निराळें आहे, आणि तें रसायनशास्त्रानें फेडावयाचें नाहीं. परंतु पुढें जेव्हां जेव्हां विजेसाठीं एखादें खोरें मागितलें जाईल, तेव्हां आधींच्या खोऱ्याची वीज कशी वापरली, हा प्रश्न विचारण्याचा हक्क तेथल्या लोकांना आहे. शंभरांतील पंचाण्णव भाग वाया घालविणारा दिवा वापरून त्याचें उत्तर देतां येत नव्हतें. आतां देतां येण्यासारखें आहे; तें प्रामाणिकपणें देणें हें दिवा लावणाऱ्या घरांच्या हातीं आहे.